खापर कॉइलच्या माथी

ग्रिम्सबीत, इंग्लंडातल्या या मासळीच्या बंदरात, मी अक्कल विकायला ठेवली असती तर दुकान केव्हाच बंद पडलं असतं. व्हेप, म्हणजे वाफेच्या सिगारेटी, विकते म्हणून तग धरून आहे. फ्रीमन स्ट्रीटवर पूर्वी खाटकाचं दुकान होतं, तिथे आता माझं आहे. मांस टांगायचे आकडे अजून छताला तसेच आहेत, आणि एखाद्या गिऱ्हाइकाला उचलून तिथे टांगावं असं मला फार वेळा वाटतं.

वापरून फेकून द्यायचे व्हेप सरकारने बंद केले आणि सगळं गाव माझ्या दारात आलं. तोवर यांना काही करावंच लागत नव्हतं. ओढायचं, संपलं की फेकायचं. आता टाकी भरा, कॉइल बदला म्हटल्यावर सगळ्यांचं डोकं चालेनासं झालं. कॉइल म्हणजे काय मोठं? तारेचं एवढंसं वेटोळं आणि त्याला लावलेला कापूस. कापूस निकोटिनच्या लिक्विडने ओला असला तर तार तापून वाफ होते. कोरडा असला तर कापूसच जळतो, मग तोंडात जळक्या मोज्याची चव येते आणि ती त्या कॉइलमधून पुन्हा जात नाही. म्हणून नवी कॉइल लावताना आधी कापसावर थेंब सोडायचे, मग टाकी भरायची, आणि आपला चहा करून पिऊन होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. सुरुवातीला झुरके हलके मारायचे, मध्ये दम घ्यायचा, टाकी तळाला जाऊ द्यायची नाही. हे मी इतक्या वेळा सांगते की झोपेतही बडबडत असेन.

आमच्या इथला टॅक्सीवाला डॅरिल घ्या. दुकानात शिरला तो कपाळाला आठ्या घालूनच.

"ही कॉइल खराब निघाली. करपट लागतेय."

"भरल्यावर किती वेळ ठेवली होतीस?"

"ठेवायची कशाला? ओढायला घेतली ना मी?"

"पाव भाजायच्या आधी पीठ खातोस का रे?"

"तुझं तोंड म्हणजे ना, गेनॉर! तुझ्याकडे कोण येणार?"

"तू आलायस की."

त्याने नवी कॉइल घेतली, तिथेच काउंटरवर बसवली, टाकी भरली आणि दाराबाहेर पाऊल टाकायच्या आत झुरका मारला. काचेतून मला त्याचं वाकडं झालेलं तोंड दिसलं. पुन्हा आत यायची मात्र त्याला लाज वाटली असावी, कारण तो तसाच गाडीत जाऊन बसला.

अशा लोकांचा मला राग येत नाही. राग यायला समोरच्याकडून काही अपेक्षा लागते. मी त्यांना कॉइल विकते, ते जाळतात, मी आणखी विकते. यात वाईट वाटून घ्यायचं काही कारण नव्हतं, पण मग त्यात नेव्हिल आला.

नेव्हिल ब्लँचर्ड म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा, जॅनिसचा नवरा. या माणसाने उभं आयुष्य धुरात घालवलं. गोदीमागच्या धुरीघरात तो हॅडॉक माशांना धुरी द्यायचा आणि जरा मोकळीक मिळाली की बाहेर उभा राहून सिगारेट ओढायचा. आता निवृत्त होऊन मळ्यात लीक नावाची कांद्यासारखी भाजी लावतो. उन्हाळ्यात त्याच्या डाव्या पायाची बोटं काळीनिळी पडायला लागली. पायाची रक्तवाहिनी बुजली होती. सर्जनने आडपडदा ठेवला नाही. म्हणाला, रक्ताला नवी वाट काढून देतो, पण सिगारेट सुटली पाहिजे. नाही सुटली तर नवी वाटही बुजेल आणि गुडघ्याखालचा पाय काढावा लागेल. ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात येऊन यंत्रात फुंकायचं, आणि श्वासात सिगारेटचा वायू सापडला (व्हेपने तो येत नाही) तर सर्जन हात लावणार नाही.

जॅनिस त्याला घेऊन दुकानात आली ती रडत नव्हती. आमच्या घरात रडणं कुणाला जमत नाही. ती संतापलेली होती.

"याला एक दे," असं म्हणून तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"तंबाखूच्या चवीचं साधं लिक्विड घे, नेव्हिल," मी म्हणाले. "त्यात गोडी नसते. गोड घेतलंस तर तारेवर त्याचा थर धरतो आणि कॉइल लवकर जाते."

"तंबाखू नको," जॅनिस म्हणाली. "इतकी वर्षं घरात तोच वास आहे. कस्टर्डचं दे. निदान पडद्यांना पुडिंगचा वास येईल."

"ओढणार कोण आहे, हा की पडदे?"

"पडदे मी धुते."

मी कस्टर्डची बाटली काढली. मी नेव्हिलला थेंब कसे सोडायचे, थांबायचं किती, झुरका कसा हलका मारायचा ते दाखवलं. तो माझ्याकडे न बघता छताच्या आकड्यांकडे बघत होता आणि मधूनमधून "हो पोरी, हो पोरी," म्हणत होता. मी साठीला टेकलेय, पण नेव्हिलच्या लेखी अजून पोरगीच आहे.

आठवडा उलटला नसेल तो स्वारी पुन्हा हजर. पुदिन्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत एक करपलेली कॉइल.

"जळली बघ."

"सांगितल्यासारखं केलंस?"

"केलं की."

दिली दुसरी. तीही गेली. तिसरीचीही तीच गत झाली. दर वेळी तीच डबी, तेच "जळली बघ," आणि दर वेळी अंगाला सिगारेटचा ताजा वास. त्याबद्दल विचारलं की म्हणायचा, "करपट तोंडाने माणसाने करायचं काय? एखादी वळावी लागते मध्ये." मला वाटलं, याचे हात म्हणजे फावडी, छाती म्हणजे भाता, हा असाच जाळत राहणार. मूर्खांच्या यादीत मी त्याचं नाव डॅरिलच्या वर नेऊन ठेवलं.

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण जॅनिस बायकांबरोबर बिंगो खेळायला जाते, आणि बिंगोला सांगितलेलं दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात ऐकू येतं. गेनॉरच्या कॉइल भिकार आहेत. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला तिने भिकार माल दिला, आणि आता त्याचा पाय जातोय. हे मला माझ्याच दुकानात एका बाईने ऐकवलं, आणि वर तिनेही स्वतःची करपलेली कॉइल काउंटरवर ठेवली. तिच्या लिपस्टिकचा डाग होता त्या टाकीवर, आणि आत लिक्विडचा टिपूस नव्हता.

त्या रविवारी मी जॅनिसकडे जेवायला गेले. बोलावलं नव्हतं, तरी गेले. या माणसाचं नक्की चुकतंय काय ते मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. बीफ झालं, यॉर्कशायर पुडिंग झालं, ग्रेव्हीच्या गुठळ्या मोडता मोडता जॅनिसने मला मनसोक्त टोमणे मारून झाले. मग मी पिशवीतून नवी कॉइल काढून नेव्हिलपुढे ठेवली.

"कर माझ्यासमोर."

त्याने चष्मा लावला. कापसावर एक थेंब सोडला, तो मुरू दिला, मग दुसऱ्या बाजूने एक सोडला. टाकी कडेकडेने भरली, बुडबुडा वर येऊ दिला. मग ते व्हेपचं यंत्र टेबलावर ठेवून हाताची घडी घालून बसला. जॅनिसने चहा आणला, आमचा पिऊन झाला, तरी याने हात लावला नाही. नंतर घेतला तो झुरका इतका हलका, की मला वाफ दिसायच्या आधी कस्टर्डचा वास आला. इतकी वर्षं मी हे विकतेय, पण असं कुणी केलेलं मी बघितलं नव्हतं.

"कुठे शिकलास हे?" मी विचारलं.

"धुरीघरातल्या भुशासारखंच आहे," तो म्हणाला. "भुसा दमट ठेवला की धुमसतो. कोरडा पडला की पेटतो. पेटला की मासा कडू."

"याला सगळं येतं," जॅनिस ताटं उचलत म्हणाली. "तुझ्या मालातच दम नाही."

मी घरी आले ती चक्रावूनच. धुरीघरात नेव्हिलचं नाव होतं. समुद्रावरून वारा सुटला की भुशाच्या खड्ड्यात जाळ उठायचा, अख्खी खेप कडू व्हायची, चांगल्या चांगल्यांकडून व्हायचं ते. नेव्हिलच्या पाळीला कधी झालं नाही. ओलं गोणपाट हातात घेऊन तो खड्ड्याशी उभा राहायचा आणि वारा पडेपर्यंत हलायचा नाही. हे त्याने कधी सांगितलं नाही, त्याच्याबरोबरची माणसं अजून सांगतात. आणि या माणसाच्या हातून चिमूटभर कापूस जळतो?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मी त्याच्या करपलेल्या कॉइल काढल्या. मी त्या फेकल्या नव्हत्या, माल बनवणाऱ्यांशी भांडायचं झालंच तर हाताशी असाव्यात म्हणून ठेवल्या होत्या. पकडीने एक फोडली. कस्टर्डचं लिक्विड ओढलेली कॉइल आतून कशी दिसते ते मला पाठ आहे. तपकिरी, चिकट, तारेवर जळक्या साखरेचा थर, कापूस शेवटपर्यंत चहाच्या रंगाचा. ही तशी नव्हती. तारेजवळचा कापूस कोळसा झाला होता आणि बाकीचा पांढरा शुभ्र होता, डब्यातून काढल्यासारखा कोरडा. तारेवर थर नाही, चिकटपणा नाही. दुसरी फोडली, तिसरी फोडली. सगळ्या तशाच. या कॉइलमध्ये लिक्विड कधी गेलंच नव्हतं.

घाईत करपलेली कॉइलही निदान अर्धीमुर्धी ओली असते. अशी कॉइल एकाच प्रकारे होते. कोरडीच लावायची आणि बटण दाबून धरायचं.

मी दारावर पाटी उलटी केली आणि तडक मळ्यावर गेले. लीकच्या रांगांपलीकडे नेव्हिलचं खोपटं आहे. दार नुसतं लोटलेलं होतं. आत मासळीच्या उपड्या खोक्यावर तो बसला होता. डाव्या हातात वळलेली सिगारेट, अर्धी झालेली. उजव्या हातात माझ्या दुकानातलं यंत्र, टाकी कोरडी ठणठणीत, आणि अंगठा बटणावर. एका हाताने ओढत होता, दुसऱ्या हाताने कॉइल जाळत होता.

मला बघून दचकला. यंत्र हातातून पडलं. सिगारेट नाही पडली.

"लीक बघायला आलो होतो," तो म्हणाला.

"लीक बाहेर आहेत, नेव्हिल."

त्याने सिगारेट विझवली, पण फेकली नाही. उरलेली कानामागे खोचली. मी दारातच उभी राहिले, कारण आत बसायला जागा नव्हती आणि त्याच्याशेजारी बसायची मला इच्छाही नव्हती.

"एक तरी कॉइल ओढलीस का तू?"

"पहिली. दुपारपर्यंत. ती फेकून दिली, यंत्राबरोबरची जादा जाळून तुला आणली." तो खाली बघत बोलत होता. "मग जीव नुसता कासावीस झाला. नाही जमत गं मला. याआधी काय कमी वेळा सोडली? निकोटिनच्या चिकटपट्ट्या लावल्या, गोळ्या चघळल्या. दर वेळी जॅनिसला येऊन सांगायचं की नाही जमलं. ती काय करते ठाऊक आहे? भांडत नाही. भांडली तर बरं. गप्प होते. महिनाभर. ताट नीट वाढते, शर्टाला इस्त्री करते, आणि एक शब्द बोलत नाही."

"म्हणून या वेळी कॉइलवर ढकललंस."

"कॉइलला काय वाटणार आहे?"

"आणि मला?"

तो खरंच गोंधळला. हा प्रश्न त्याच्या डोक्यातच आला नव्हता.

"तुला कोण चांगलं म्हणतंय, गेनॉर?" तो म्हणाला. "लोक तुझ्याबद्दल असंही वाटेल ते बोलतात. त्यात हे आणखी एक. तुला काय फरक पडतो?"

हे मला लागलं. त्याने ते कुत्सितपणे म्हटलं असतं तर मी चार शिव्या हाणल्या असत्या. पण शेजाऱ्याकडे शिडी मागावी इतक्या सहज तो ते बोलला होता.

"पाय जाईल तुझा."

"जाईल."

"आणि तुला एवढंच पडलंय की पाय गेल्यावर बायकोने तुझ्याशी बोलावं."

"पायाचं सोसेन मी," तो म्हणाला. "तिचं ते गप्प राहणं नाही सोसवत."

मग माझं तोंड सुटलं. म्हणाले, "माझ्या दुकानात रोज गाढवं येतात, नेव्हिल. त्यांना कळत नाही म्हणून ती जाळतात. तुला कळतं. ज्या माणसाने जन्मात कधी भुशाला जाळ लागू दिला नाही, तो इथे लपून कोरडा कापूस पेटवत बसलाय. का, तर बायको रुसेल म्हणून. तुझ्याइतका नालायक माणूस माझ्या दारात आला नाही. तो डॅरिल तुझ्यापेक्षा बरा, तो निदान घाईने जाळतो."

नालायक म्हटलं त्याचं त्याला काही वाटलं नाही. पण मान वर करून म्हणाला, "धुरीघराला मध्ये आणू नकोस."

"आणणार."

"गेनॉर, धुरीघराला मध्ये आणू नकोस."

"आणणार, आणि जॅनिसलाही सांगणार."

"सांग," तो म्हणाला, आणि कानामागची सिगारेट काढून तिच्याकडे बघत बसला.

मी सांगितलं नाही. त्याची दया आली म्हणून नव्हे. दवाखान्याची तारीख तोंडावर आली होती, आणि मला वाटलं, मी कशाला वाईटपणा घेऊ, ते फुंकायचं यंत्रच सांगेल. जॅनिसला गाडी येत नाही, नेव्हिलला त्या पायाने चालवता येत नव्हती, म्हणून नेणार मीच होते. पुढच्या सीटवर बसून जॅनिस माझ्या कॉइलची लायकी काढत होती. मागे नेव्हिल मान खाली घालून बसला होता. आरशात मला त्याची टोपी तेवढी दिसत होती.

दवाखान्यातली नर्स हसतमुख होती. तिने नेव्हिलला नळी दिली, त्याने फुंकलं. यंत्रावर तांबडा दिवा लागला. नर्सने आकडा बघितला आणि तिचं हसू ओसरलं.

"मिस्टर ब्लँचर्ड, तुम्ही ओढताय."

"तो काय करणार?" जॅनिस उसळली. "कॉइलच करपतात! रोज एक! करपट धूर ओढेल का माणूस? एवढा प्रयत्न करतोय बिचारा, मी बघते ना, कस्टर्डच्या बाटलीवर बाटली संपतेय!"

बाटल्या तो कुठे ओतत होता देव जाणे. बहुतेक लीकच्या मुळाशी.

नर्सने नेव्हिलकडे बघितलं, मग जॅनिसकडे. "हे बघा, तारीख एकदा पुढे ढकलता येते," ती म्हणाली. "पण माणूस मनापासून प्रयत्न करत असेल तरच. नाहीतर सर्जन म्हणतात यादीतून नाव काढा, दुसरे लोक थांबलेत. मग पायाचं जे होईल ते होईल. खरंच कॉइल खराब होत्या का?"

"हिला विचारा," जॅनिस माझ्याकडे बोट करून म्हणाली. "हिचंच दुकान आहे."

नेव्हिल स्वतःच्या बुटांकडे बघत होता. एक बूट नीट बांधलेला, दुसऱ्याची नाडी सैल सोडलेली, सुजलेल्या पायाला दाब नको म्हणून. त्याने माझ्याकडे बघितलं असतं, गयावया केली असती, तर मी खरं बोलले असते. पण तो नाडीकडे बघत राहिला.

मी माझ्या मालाबद्दल कधी खोटं बोलत नाही. लोकांना माझं तोंड आवडत नाही, पण गेनॉर भलतंच काही गळ्यात मारणार नाही, हे माझे वैरीही कबूल करतात. तेवढीच माझी कमाई आहे.

"होत्या खराब," मी म्हणाले. "तो डबाच खराब आला होता. मी तपासायला हवा होता. चूक माझी आहे."

"ऐकलंत?" जॅनिस नर्सला म्हणाली. आवाजात असा विजय, की जणू बिंगोचं मोठं बक्षीस लागलंय. "कधीपासून सांगतेय मी!"

नेव्हिलने मान वर केली. माझ्याकडे बघितलं आणि लगेच खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते.

मी असं का केलं ते मला विचारू नका, कारण माझ्याजवळचं उत्तर काही फार थोर नाही. मला भीती वाटली. एका पायावरचा नेव्हिल आणि त्याच्याशी न बोलणारी जॅनिस माझ्या डोळ्यांपुढे आले. मला बहीण बोलणारी हवी होती. मग ती माझ्या नावाने बोटं मोडत का असेना.

घरी सोडताना जॅनिस आधी उतरून आत गेली. नेव्हिल काठी सावरत दाराशी घुटमळला.

"गेनॉर..."

"उतर लवकर. सीटला मळ्याची माती लागलीय आधीच."

पुढचे दिवस कसे गेले सांगते. गेनॉरने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, ही बातमी गावभर झाली. ज्यांनी ज्यांनी कॉइल जाळल्या होत्या ते सगळे आले. कोरड्या टाक्यांवाले, घाईवाले, दोन झुरक्यांच्या मध्ये श्वासही न घेणारे, सगळे. सगळ्यांच्या माना ताठ. "तूच म्हणालीस ना खराब होत्या?" आणि मला मूग गिळून बदलून द्याव्या लागत होत्या. डॅरिलने तर मला कॉइल कशी तपासावी यावर व्याख्यान दिलं. ते मी उभ्याने ऐकून घेतलं. छताच्या आकड्यांकडे बघत ऐकलं, नेव्हिल बघायचा तसं.

नेव्हिल फिरकला नाही. मी दर वेळी दाराची घंटा वाजली की वर बघायची आणि दर वेळी दुसराच कुणी तरी असायचा. मी समजून चुकले. बसला असेल खोपट्यात, एका हाताने ओढत. अशा माणसासाठी मी स्वतःचं नाव मातीत घातलं, याची मला इतकी चीड आली की मी जॅनिसचे फोन घेणं बंद केलं. घेऊन ऐकणार काय होते? पाय कधी काढणार ते?

थंडी पडायला लागली होती. सकाळची वेळ, आणि काउंटरवर कोपर टेकून डॅरिल पुन्हा उभा.

"ही पण करपली. तुझा मालच तसला, सगळ्या गावाला माहितीये."

घंटा वाजली. दारात नेव्हिल होता, एकटाच. काठी टेकत आला, डॅरिलच्या शेजारी उभा राहिला आणि ती पुदिन्याच्या गोळ्यांची डबी माझ्यापुढे ठेवली.

मला उघडायची इच्छा नव्हती. तरी उघडली. आत एक कॉइल होती. मी ती दिव्याखाली धरली, मग पकडीने फोडली. कापूस शेवटच्या धाग्यापर्यंत तपकिरी झालेला. तारेवर साखरेचा जाड, काळपट, चिकट थर, पकड सुटेना इतका. कुठेही कोळसा नाही. ही कॉइल ओढली होती. उठल्या उठल्या ओढली होती, जेवल्यावर ओढली होती, जीव कासावीस झाला तेव्हा ओढली होती, आणि एकदाही कोरडी पडू दिली नव्हती. इतकी घाणेरडी कॉइल दुकानात दुसऱ्या कुणी आणली असती तर मी तोंडावर फेकली असती.

"बघ," डॅरिल काउंटरवरून वाकून डोकावत म्हणाला. "याची पण गेली."

"कॉइल चांगल्या आहेत तिच्या," नेव्हिल म्हणाला.

"तीच म्हणालीय की खराब..."

"मी मुद्दाम जाळत होतो. खोपट्यात बसून, कोरड्या. ती माझ्यासाठी खोटं बोलली. जा, सांग जाऊन सगळ्यांना. तुझ्या टॅक्सीत बसेल त्याला सांग."

डॅरिलचं तोंड उघडं पडलं. त्याने माझ्याकडे बघितलं, नेव्हिलकडे बघितलं, स्वतःची करपलेली कॉइल काउंटरवरून हळूच उचलली आणि बाहेर पडला. बातमी आता हातात होती, तो कशाला थांबतोय?

"जॅनिसला कळेल," मी म्हणाले. "जेवणाच्या आत कळेल."

"सांगितलंय मी तिला सकाळीच."

"मग?"

"गप्प आहे." त्याने टोपी काढून पुन्हा डोक्यावर घातली. "शर्टाला इस्त्री करून दिली. हा बघ."

शर्ट खरंच कडक इस्त्रीचा होता. कॉलरची घडी सुरीसारखी.

"आणि फुंकायचं?"

"काल फुंकून आलो. हिरवा दिवा. पुढच्या बुधवारी भरती व्हायचंय. नेशील का? तोवर ती काही बोलेलसं वाटत नाही."

मला काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. ते मला येत नाही, आणि नेव्हिलच्या बाबतीत तर मुळीच सुचत नाही. मी कॉइलचे तुकडे पुसायच्या फडक्यावर गोळा केले आणि फळीवरची नवी कॉइल काढली.

"काय दशा केलीयस हिची," मी म्हणाले. "त्या कस्टर्डने थर धरतो, सांगितलं होतं ना पहिल्या दिवशी? आता तरी ऐक. तंबाखूच्या चवीचं साधं घेऊन जा. दुप्पट टिकेल कॉइल."

त्याने बाटलीचं झाकण उघडून हुंगलं आणि तोंड वाकडं केलं.

"नको गं पोरी," तो म्हणाला. "करपट लागतो तंबाखू."